चमचाभर लाल दवा

माय,

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, की आमच्या तांबड्या कोंबडीच्या डाव्या पायाचं हाड शाबूत आहे. तळपायाच्या गादीत पू धरला होता, पण तो वरच्यावर होता, नळीकडे चढला नव्हता. त्यांनी खपली काढली, आतली गोटी काढली, पट्टी बांधली. पट्टी सोमवारी सोडायची आहे. मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या त्या अशाच. आधी काय झालं आणि ते कोणी सांगितलं, मग बाकीचं. हाताला सवय लागली आहे, म्हणून तुलाही तसंच लिहितो. बाकीचं मात्र या वेळी मोठं आहे. बोरीत तुझ्या हाताला एक नाव होतं. कोंबडीचा पाय सुजला की बाया तिला पदराखाली घेऊन तुझ्याकडे यायच्या. ते नाव माझ्या एका ओळीनं गेलं, आणि तू जाईपर्यंत तुला वाटत राहिलं की ते तुझ्याच चुकीनं गेलं. मी तुला खरं सांगितलं नाही. आज तेच सांगायला बसलो आहे.

आता मी यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला राहतो. घर लहान आहे, मागे जागा बरी आहे. नोकरी संपल्यावर चार कोंबड्या आणल्या. तुझी सून शेजारणींना सांगते, "रिटायर झाल्यावर लोकं सकाळी फिराले जातात. आमच्या घरी कोंबड्यायचे पाय पाहाचा कार्यक्रम असते." तिचं खरं आहे. दाणे टाकायच्या आधी मी चौघींना चालताना पाहून घेतो. परवा दाणे टाकले तशा तिघी तुटून पडल्या आणि तांबडी भिंतीशी उभी राहिली, एका पायावर, दुसरा पोटाच्या पिसांत घेऊन. मी तिला उचललं आणि पाय उलटा केला. तळव्याच्या मधोमध मसुराच्या दाण्याएवढी काळी, गोल, टणक खपली होती. भोवतालची गादी फुगलेली, बोट लावलं तर गरम. मला कोणाला विचारावं लागलं नाही. कारणही तिथंच दिसलं. त्यांना बसायची दांडी मी छातीइतकी उंच बांधली होती आणि खाली सिमेंटचा कोबा. चौघींत तांबडी सगळ्यात जड. रोज सकाळी ती वरून धप्पकन उतरायची आणि रोज तोच पाय आधी टेकायची. तू असतीस तर कोंबडीकडे पाहायच्या आधी दांडीकडे पाहिलं असतंस आणि मग माझ्याकडे.

मला आपलं बोरीचं मागचं अंगण आठवतं. तुराट्यांचं, शेणानं लिंपलेलं खुराडं, त्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर बाभळीची जाड दांडी, सोलून गुळगुळीत केलेली. खाली तू राख आणि कोरडा भुसा टाकायचीस. शेजारी खालाचं घर. तिचा नवरा सायकली आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, आणि तिच्याही सात-आठ कोंबड्या होत्या. दोन्ही अंगणांच्या मध्ये पऱ्हाटीचं कुंपण. कापूस निघाला की दरवर्षी नवी पऱ्हाटी लागायची, आणि दरवर्षी तुम्ही दोघी मिळून एका बाईपुरती फट ठेवायच्या. पुरुष माणसं कुंपण घालत असली तरी फट कुठं ठेवायची हे तुम्ही ठरवायच्या. त्या फटीतून विरजण जायचं, खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी जायची आणि सगळ्यात जास्त खाला स्वतः यायची.

एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तू चुलीशी बसलेली, दारात गावातली एक बाई, तिच्या काखेत पांढरी कोंबडी.

"आधी खाली सोड तिले," तू म्हणतेस. "चालू दे."

"माय, चालतच नाही थे. म्हणून त आणली."

"चालत नाही अन् पाय टाकत नाही, ह्या दोन गोष्टी हायेत. सोड तू."

कोंबडी दोन पावलं लंगडत जाते आणि बसते. तू तिला मांडीवर घेतेस, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळतेस, एक पाय तेवढा बाहेर ठेवतेस आणि तिच्या डोक्यावरून पदर ओढतेस. "अंधार झाला की तिले वाटते रात झाली. मंग गपचूप राह्यते." फटीतून नुकतीच आलेली खाला कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाई, ये नुस्खा मेरे वाले पे चलेगा क्या?" आणि तुम्ही तिघी इतक्या हसता की पांढरी कोंबडी पदराखाली फडफडते.

मग कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि दोन भाकरी भाजून होईपर्यंत पाय त्यात. खपली फुगून मऊ झाली की तू ती ओल्या फडक्यानं कडेकडेनं उचलायचीस. खालून पिवळी, टणक, भिजलेल्या डाळीसारखी गोटी निघायची. निघाली तर निघाली. ब्लेड तू कधी लावलं नाहीस. "जे पाण्यानं सुटते थे आपलं. जे सुटत नाही थे डॉक्टरचं." सूज वर नळीकडे गेलेली दिसली की तू हात लावायची नाहीस, सरळ दारव्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचीस. हे मी नंतर किती जणांकडून, किती मोठ्या शब्दांत ऐकलं, पण याहून नेमकं ऐकलं नाही. शेवटी लाल दवा. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट. कागदाच्या पुडीतले ते काळसर जांभळे दाणे तू काडेपेटीच्या काडीच्या टोकावर घ्यायचीस, तांब्याभर पाण्यात टाकायचीस, ढवळायचीस, आणि त्यातलं थोडं पांढऱ्या बशीत ओतून दाराच्या उजेडात धरायचीस. बायांना दाखवायचीस. "हे पाह्य. बाळाच्या टाचेसारखं झालं पाह्यजे. त्याच्या वर रंग गेला की फेकून दे अन् नवं कर. ही दवा कमी पडली त चालते, जास्त झाली त जाळते." त्या पाण्यानं पाय धुऊन जवसाच्या तेलात कालवलेली हळद, वर कापूस, वर लुगड्याची चिंधी. आणि त्या बाईला बजावणं, की आठ दिवस हिला राखेवर ठेव, उंच चढू देऊ नको.

मी तेव्हा पंचविशीचा होतो. जिल्ह्याच्या एका पेपरात नुकताच लागलो होतो, अजून कायम व्हायचा होतो. आठवड्यातून एकदा कृषी पान निघायचं, त्यात लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं. परसातल्या कोंबड्यांवर काहीतरी दे, असं वरून आलं, आणि मला तूच सुचलीस. रविवारी बोरीला आलो. मुलाखत आहे म्हटल्यावर तू आधी हात धुतलेस. "फोटो काढत्या काय?" तू विचारलंस. नाही म्हटल्यावर म्हणालीस, "मंग बरं, हे लुगडं जुनं हाये." मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं, तू सांगत गेलीस. बाळाची टाच मी लिहिली होती, माय. ती पाकिटावर होती. फेकून दे अन् नवं कर, हेही होतं.

पान गुरुवारी निघायचं आणि बुधवारी संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. पावणेसहाला पानाचे प्रमुख माझा मजकूर घेऊन माझ्या टेबलाशी आले. भला माणूस होता, पण घड्याळ त्याच्या डोक्यावर बसलेलं असायचं. "बाळाच्या टाचेसारखा रंग म्हणजे काय? कोणाचं बाळ? शेतकऱ्याला माप दे, बाबा. कविता कशाला देतोस?" त्यांचं मागणं चूक नव्हतं. बोरीत तेव्हा फोन एका किराणा दुकानात होता. दुकानदार माणूस पाठवायचा, तू यायचीस, अर्धा तास जायचा. माझ्याकडे पंधरा मिनिटं होती. मी डोळ्यांसमोर तांब्या आणला आणि त्याच्या शेजारी, का कोण जाणे, एक चमचा आणला. 'तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर लाल दवा विरघळवावी व आठवड्यातून एकदा सर्व कोंबड्यांचे पाय त्यात बुडवून काढावेत.' वाक्य एकदम बसलं. सगळ्या कोंबड्यांचे पाय बुडवायचे, हेही माझंच. तू फक्त दुखऱ्या पायाबद्दल बोलली होतीस. मजकूर तीन ओळी जास्त होत होता, म्हणून शेवट कापला. फेकून दे अन् नवं कर, ते त्यात गेलं. सहाला पान गेलं. मी चहा प्यायलो. मला छान वाटत होतं.

त्याच आठवड्यात ताईच्या बाळंतपणासाठी तू राजूरला गेलीस. दाजी कोळशाच्या खाणीत होते, पाळ्या सोडून घरी थांबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून पेपर आला तेव्हा तू बोरीत नव्हतीस. खालाच्या नवऱ्यानं दुकानात पान उघडलं, 'बोरी अरब येथील एका जाणत्या कोंबडीपालक महिलेने सांगितले' हे वाचलं आणि घरी जाऊन बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. खालाला कोण आनंद झाला, ते तिनंच नंतर सांगितलं. बाईचा नुस्खा पेपरात आला! इतकी वर्षं ती तुझ्याकडून करून घेत होती. या वेळी तिनं ठरवलं, तू यायच्या आत आपण स्वतः करायचं, पेपरात आहे अगदी तसं. तुझ्यासमोर तिनं रंग शंभरदा पाहिला होता. पण पेपरात रंग नव्हताच. पेपरात चमचा होता. पाणी काळंजांभळं झालं तेव्हा तिला शंका आली होती, आणि पेपर आहे म्हणून तिनं ती गिळली. सगळ्या कोंबड्यांचे पाय तिनं एकेक करून त्यात धरले. तांब्या तसाच अंगणात राहिला, दोघींनी त्यात चोच घातली.

तू परत आलीस त्या रविवारी मीही आलो होतो. तू दारात पिशवी ठेवलीस, नातीचं कौतुक सांगायला तोंड उघडलंस, आणि फटीत खाला उभी. आत आली नाही. फटीतच उभी राहिली. तिच्या हातात एक कोंबडी होती. पायांची कातडी तपकिरी होऊन सुटलेली, बोटांच्या मध्ये लाल मांस. दोघी मेल्या, बाकीच्या अशा, खुडूक होती तिनं अंडी सोडली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, जैसा पेपर में था वैसाच किया," ती म्हणाली. "लोटाभर पानी, एक चम्मच. पूछ इसको. इसनेच लिखा ना?"

"चमचा?" तू म्हणालीस.

मग तू माझ्याकडे वळलीस. मला ते वळणं आजही जसंच्या तसं दिसतं. त्यात संशय नव्हता. स्टँडवर आपली गाडी कुठली हे आपण ज्याला वाचता येतं त्याला विचारतो, तसं तू विचारलंस. "बापू, मी चमचा म्हटलं होतं काय रे?"

पाकीट माझ्या खिशात नव्हतं, पण माझ्या डोक्यात होतं. आणि मी म्हणालो, "असंच काहीतरी म्हटलं होतंस, माय."

तू पेपर मागितलास. विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात तू वाचायला शिकलीस, ओळीखाली बोट धरून. आपल्या घरात छापलेल्या अक्षराचा मान काय होता ते मी तुला काय सांगू. तुझ्या आईच्या हातात पुस्तक कोणी दिलं नव्हतं, आणि तुझा मुलगा ते छापत होता. तू बोट धरून ती ओळ दोनदा वाचलीस. मग घडी केलीस आणि खालाला म्हणालीस, "छापलं हाये त म्हटलंच असन मी. माह्यंच चुकलं, बाई. डोकं कुठं होतं कोण जाणे." आणि तिच्या हातातली कोंबडी घेऊन तू चुलीकडे गेलीस, पाणी तापवायला. खाला फटीतूनच परत गेली. पुढच्या महिन्यात तू तुझ्या खुराड्यातल्या दोन चांगल्या तलंगा, नुकत्याच अंड्यावर आलेल्या, तिच्याकडे पाठवल्यास. तिनं ठेवून घेतल्या. आली नाही.

मी यवतमाळला परतलो. पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात, चार ओळींची चौकट. ती मागायला मी प्रमुखांकडे दोनदा गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्या वेळी ते मोकळे होते आणि मीच वेगळं काहीतरी विचारलं. मला कायम व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं, मग पुढच्या वर्षी, मग ते इतकं जुनं झालं की सांगणंच विचित्र वाटायला लागलं. पुढं वर्षानुवर्षं मी इतरांच्या चुकांच्या दुरुस्त्या लिहिल्या. त्या मी चांगल्या लिहायचो. कमीत कमी शब्दांत, सबब न सांगता.

त्या वर्षी कापूस निघाल्यावर नवी पऱ्हाटी लागली तेव्हा कोणी फट ठेवली नाही. मी होळीला आलो तर कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होतं. बायांचं येणं कमी झालं. आलीच एखादी तर तू पाय पाहायचीस आणि म्हणायचीस, "मले आता ध्यानात राह्यत नाही, बाई. दवाखान्यात न्या." तू तेव्हा पन्नाशीचीही नव्हतीस. पण हे सगळं मला सोसलं. सोसलं नाही ते वेगळंच होतं. एकदा जेवायला बसलो, वरणात मीठ नव्हतं. म्हणजे होतं, पण कमी. मी चुलीकडे पाहिलं तर मिठाच्या डब्यात चमचा. तू आयुष्यात मीठ चमच्यानं घातलं नव्हतंस. बोटांनी उचलायचीस, न पाहता, बोलता बोलता, आणि ते कधी चुकायचं नाही.

"हे कायले?" मी विचारलं.

"माप असलेलं बरं," तू म्हणालीस. "माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला आता."

मी वरण संपवलं. आणखी वाढून घेतलं. एवढंच मला सुचलं. त्यानंतर तू होतीस तोवर तुझ्या डब्यात चमचा होता, आणि दर वेळी मी जेवायला बसलो की तो मला दिसायचा. तू गेल्यावर तुझी पेटी उघडली. जमिनीचे कागद, ताईचा लग्नातला फोटो, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं कृषी पान. जपून ठेवलेलं. कडा दुमडलेल्या नाहीत, कुठं खूण नाही. त्या पानावर तुझा उल्लेख होता आणि खाली माझं नाव होतं, म्हणून तू ते ठेवलं असशील.

आज दवाखान्यात काय झालं ते सांगतो. डॉक्टर बाई तिशीतल्या असतील. त्यांनी हातमोजे घातले, तांबडीला टॉवेलात गुंडाळलं, डोक्यावरून टॉवेलचं टोक ओढलं. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय ठेवला आणि तोवर मला कोबा, दांडी, सगळं विचारून घेतलं. "काका, दांडी गुडघ्याच्या वर नको. खाली भुसा टाका जाड. अन् हिचं वजन कमी करा थोडं, लाडात ठेवलंय तुम्ही." खपली त्यांनी काढली, खोल जायचं होतं तिथं त्यांनी हत्यार लावलं, मला नुसतं धरायला लावलं. मग शेल्फवरून एक डबी काढली, आणि काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात काडीच्या टोकानं दोन दाणे टाकले. पुडी नव्हती, डबी होती, तरी दाणे पाहताच मी लाल दवा ओळखली.

"किती घालायचं मॅडम?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

"मोजायचं नसते काका. रंग पाहायचा." त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. "असा. याच्यापेक्षा गडद झाला तर ओतून द्यायचा. जळते पाय."

"बाळाच्या टाचेसारखा," मी म्हणालो.

त्या थांबल्या, ग्लासाकडे पाहिलं आणि हसल्या. "बरोब्बर! आम्हाला कॉलेजात फिका गुलाबी शिकवलं, पण फिका म्हणजे किती, हे बायांना समजावता समजावता नाकी नऊ येते. कोण म्हणायचं असं?"

"माझी माय. बोरी अरबची."

"त्या डॉक्टर होत्या?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं, "पण तिच्या हाताला गुण होता. बाया लांबून यायच्या."

पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, की पावसाळ्यात अशा पायांच्या कोंबड्या फार येतात, बचत गटाच्या बाया घेऊन येतात, काही घरीच ब्लेड लावून आणतात. दवाखान्याच्या भिंतीवर एक फलक लावायचा आहे. पाय कसा पाहायचा, घरी काय करायचं, कधी इकडे यायचं. "तुम्ही पेपरातले ना? सोप्या भाषेत लिहून द्या मला. सोमवारी येताना घेऊन या." म्हणजे मला पुन्हा तोच मजकूर मिळाला आहे, आणि या वेळी चार दिवसांची मुदत आहे. दुपारी लिहून काढला. तुझंच सगळं आहे. आधी चालू द्या, मग उचला. पाण्यानं सुटेल ते आपलं, बाकी डॉक्टरचं. रंगाची ओळ मी पाकिटावर होती तशी लिहिली, शेवटच्या वाक्यासकट. लिहून झाल्यावर वाटलं, एकदा स्वतः करून पाहावं, म्हणजे खात्री होईल. स्वयंपाकघरात गेलो, तांब्या घेतला, येताना आणलेली पुडी उघडली. आणि माय, माझा हात आधी चमच्याकडेच गेला. तुझी सून पाहत होती. ती म्हणाली, "त्या दवेत बुडवला त तो चमचा मंग जेवाले नाही चालणार." मी तो ठेवला आणि काडेपेटी शोधली. पहिलं पाणी गडद झालं, फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं बशीत ओतून दारात नेलं, आणि ते झालं होतं.

मग खालाला फोन केला. ती ऐंशीला टेकली आहे, बोरीतच मुलाकडे असते. मुलानं फोन तिच्या कानाला लावला. "कौन? पेपरवाला? अरे, तू जिंदा है क्या अभी?" मी म्हणालो, उद्या येतो. "आ ना. पर काहेको?" मी म्हणालो, "ऐसेच, खाला." तिला वाटतंय मी कोणाच्या लग्नाचं आवतण घेऊन येतो आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तेरी माँ रहती तो मैं उसको बोलती, देख, आया बोल के." बस्स, एवढंच बोलली.

हे पत्र मी तुझ्या पेटीतल्या पिशवीत, त्या पानाच्या घडीत ठेवणार आहे. दुसरीकडे कुठं पाठवणार. उद्या नऊची बस आहे, साडेदहापर्यंत बोरीत पोचेन, खाला दारात बसलेली असेल. काय बोलायचं ते ठरलं आहे. पहिलं वाक्य लिहून ठेवलं आहे, सबब न सांगता: खाला, वो चम्मच माँ का नहीं था, मेरा था. ऐकून ती काय करेल, याची कोणी पुष्टी केलेली नाही. सोमवारी सकाळी दवाखान्यात तांबडीची पट्टी सुटेल. डॉक्टर बाईंच्या मते, पहिल्या दिवशी ती पाय नुसता टेकवून पाहील आणि पुन्हा उचलून घेईल.